परदेशी शिक्षण : काय बदलावे, काय राखावे?



विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळहून मूर्तिजापूरकडे अरुंद मापाची एक आगगाडी धावू लागली. ती मुख्यतः वऱ्हाडच्या कापसासाठी होती. आपल्या काळ्या मातीतला कापूस गाठींमध्ये बांधून त्या गाडीने मुंबईकडे जाई आणि तेथून बोटीने मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचे. तात्पर्य, आपल्या भागातील कापसाने विलायत पाहिली ती येथील माणसांच्या कितीतरी आधी. आज ती गाडी थांबली आहे; परंतु लोहाऱ्यासारख्या, यवतमाळला लागून असलेल्या गावातील मुले आणि मुली मात्र उच्च शिक्षणासाठी परदेशी जाण्याचा विचार करू लागल्या आहेत. कास्तकाराच्या घरात, शिक्षकाच्या घरात, दुकानदाराच्या घरात हा प्रश्न आता संध्याकाळच्या बोलण्यात येतो. पैशाचा विचार तर होतोच. पण त्याच्या मागे आणखी एक भीती असते आणि ती आई-वडील सहसा बोलून दाखवीत नाहीत. ती म्हणजे, पोर शिकेल, पण आपले राहील काय?

आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याच्या मनात काय घडते, त्याने काय बदलावे, काय राखावे, आणि मागे राहिलेल्यांचे त्यात कर्तव्य कोणते, याचा आपण क्रमाने विचार करू. सुदैवाने यासाठी उदाहरणे उसनी आणावी लागत नाहीत. महाराष्ट्रातून परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांचा इतिहास जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे आणि त्यात आपल्या विदर्भाचाही वाटा मोठा आहे.

मनाचे चढउतार

प्रथम एक सर्वसामान्य गोष्ट समजून घेतली पाहिजे. परक्या देशात गेल्यावर मनाची जी ओढाताण होते ती दुबळेपणाची खूण नव्हे. ती बहुतेकांना होते आणि तिला काही एक क्रम असतो. कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० साली या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या मते पहिले काही आठवडे नवलाईचे असतात. मग चिडचिड, एकटेपणा आणि घरची ओढ यांचा काळ येतो. त्यानंतर माणूस हळूहळू सावरतो. आणि शेवटी तेथील रीतभात त्याच्या अंगवळणी पडते. त्याच सुमारास, १९५५ साली, स्व्हेरे लिसगार या नॉर्वेच्या संशोधकाने अमेरिकेस जाऊन आलेल्या आपल्या देशातील दोनशे विद्यार्थ्यांची आणि अभ्यासकांची पाहणी प्रसिद्ध केली होती. जे सहा महिन्यांच्या आत परतले ते बरे होते, जे दीड वर्षाहून अधिक राहिले तेही बरे होते; मधल्या मुदतीचे लोक अधिक अस्वस्थ आढळले. पुढील संशोधकांनी हा क्रम प्रत्येकाला लागू पडत नाही असे दाखवून दिले आहे. कोणाला पहिल्याच आठवड्यात रडू येते, तर कोणाला ते कधीच येत नाही. तथापि यातून एक उपयुक्त गोष्ट हाती लागते. सहाव्या महिन्यात मुलगा फोनवर म्हणाला, ‘मला येथे राहवत नाही’, तर तेवढ्यावरून सारे फसले असा निष्कर्ष काढू नये. विहीर खणताना मध्येच खडक लागतो, म्हणून तेथे पाणीच नाही असे कोणी म्हणत नाही.

हे असे का होते? आपल्या गावात आपण शेकडो गोष्टी विचार न करता करतो. कोणाला ‘अहो’ म्हणावे, कोणाच्या घरी न विचारता जावे, पंगतीत कोठे बसावे, नाही म्हणायचे झाल्यास ते कसे म्हणावे, हे सारे लहानपणापासून अंगात मुरलेले असते. परदेशी गेल्यावर ही शिदोरी एकाएकी निरुपयोगी होते. तेथे प्राध्यापकाला नावाने हाक मारतात आणि त्याच्या मताला वर्गात विरोध केला तर तो रागावत नाही, उलट न बोलणाऱ्याविषयी त्याला शंका येते. शेजारी भला असतो, पण आधी विचारल्यावाचून त्याच्या दारी जाता येत नाही. दुसऱ्याचा मजकूर त्याचे नाव न देता आपल्या निबंधात उतरविला तर ती चोरी ठरते आणि त्यापायी विद्यापीठातून नावही कमी होऊ शकते. प्रत्येक लहान गोष्टीचा नव्याने विचार करावा लागतो, आणि त्याचा थकवा येतो. हा थकवा अभ्यासाचा नसून अनोळखीपणाचा असतो.

चार वाटा

अशा वेळी माणसापुढे कोणत्या वाटा असतात? जॉन बेरी या कॅनडातील मानसशास्त्रज्ञाने त्या चार सांगितल्या आहेत. पहिली, आपले सर्व टाकून तेथल्यासारखे होणे. दुसरी, आपल्याच माणसांचे कोंडाळे करून तेथील समाजाशी संबंधच न ठेवणे. तिसरी, दोन्हीकडून तुटणे. आपण जिला ‘ना घरचा ना घाटचा’ म्हणतो ती स्थिती. आणि चौथी, आपले राखून त्यांचे घेणे. ही चौथी वाट मनाच्या आरोग्याला सर्वसाधारणपणे अधिक मानवते असे बेरीचे प्रतिपादन आहे.

ऐकायला ही वाट सोपी वाटते. खरी अडचण पुढेच आहे. आपले राखायचे म्हणजे नेमके काय राखायचे? पोशाख की भाषा, अन्न की धर्म, की या सर्वांपलीकडचे काही? येथे सिद्धांत थांबतो आणि माणसांच्या चरित्रांकडे वळावे लागते.

आनंदीबाई आणि रमाबाई

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत दगावले होते आणि स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळाली पाहिजे हा निश्चय त्यातून दृढ झाला होता. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण करून त्यांनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ असे जाहीर केले. तो शब्द त्यांनी पाळला. न्यू जर्सीतील कार्पेंटर कुटुंबात त्यांना आसरा मिळाला. थिओडिशिया कार्पेंटर यांना त्या मावशी म्हणत. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले, प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळविली.

या यशाची किंमत मात्र फार मोठी होती. शाकाहार कटाक्षाने पाळायचा, कडाक्याच्या थंडीत लुगडेच नेसायचे, परक्या गावी एकटीने राहून अभ्यास करायचा, अशी त्यांची राहणी होती. थंडीपासून पाय झाकले जावेत म्हणून त्यांनी साडी नेसण्याची पद्धत तेवढी गुजराथी केली. शरीर खंगत गेले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख याने त्यांच्या प्रयाणाच्या आदल्याच वर्षी, १८८२ साली, शोधून काढला होता. पण त्यावरील पहिले परिणामकारक औषध निघायला पुढे साठ वर्षे लागली. कोल्हापूरच्या इस्पितळातील नेमणूक हाती असतानाच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

आनंदीबाईंच्या मृत्यूला त्यांचा पोशाख किंवा आहार कारणीभूत झाला असे कोणी ठामपणे म्हणू नये. क्षयाने त्या काळी भरल्या घरातली माणसेही नेली. परंतु एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. त्या मुलीवर केवढे ओझे होते पाहा! तिने एक पदर जरी ढळू दिला असता, तरी ‘पाहा, बाटली’ असे म्हणायला इकडे सारा समाज टपलेला होता. ती तेथे केवळ विद्यार्थिनी नव्हती; समुद्रापलीकडे गेलेली स्त्री बिघडत नाही, याचा पुरावा तिला रोज द्यावा लागत होता. असा पुरावा मागणारा समाज आपल्या मुलांच्या शक्तीचा मोठा भाग फुकट घालवीत असतो. आजही ‘तिकडे जाऊन काय खातेस, काय घालतेस’ याचीच चौकशी ज्या घरातून होते, त्या घरातील मुलगी आपल्या खऱ्या अडचणी घरी सांगत नाही.

त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. आनंदीबाईंच्या त्या नातलग. त्यांनी दुसरी वाट धरली आणि सप्टेंबर १८८३ मध्ये वाँटेज येथे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मग त्यांचे सारे सुटले असे समजावे काय? तसे झाले नाही. शाकाहार त्यांनी सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असा वाद त्यांनी तेथील धर्मभगिनींशी घातला. धर्म बदलला तरी स्वतःच्या बुद्धीने विचार करण्याचा हक्क त्यांनी कोणाच्याही स्वाधीन केला नाही. १८८६ साली आनंदीबाईंच्या पदवीदानास त्या फिलाडेल्फियाला हजर होत्या. एकीने धर्म राखला, दुसरीने बदलला. परंतु दोघींनीही आपल्या कार्याचा हेतू राखला. राखण्याची खरी वस्तू कोणती, याचा पहिला धडा येथे मिळतो.

वाचनालय आणि भाजलेले पापड

१९१३ च्या जुलै महिन्यात भीमराव आंबेडकर न्यू यॉर्कला पोहोचले. बडोदे संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी होती. आरंभीच्या वसतिगृहातील जेवण त्यांना मानवले नाही. राहण्याची जागा बदलावी लागली. पुढे नवल भथेना नावाच्या पारशी विद्यार्थ्याशी स्नेह जुळला आणि तो जन्मभर टिकला. आपल्या देशात ज्यांना वर्गात इतरांपासून दूर बसविले जाई, त्या विद्यार्थ्याला तेथे कोणी जात विचारली नाही. बरोबरीच्या नात्याने बसावे, बोलावे, वाद घालावा, हा अनुभव त्यांच्या विचारांना केवढे बळ देऊन गेला असेल! कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे अनेक विषय घेतले. जॉन ड्यूई आणि एडविन सेलिग्मन यांच्यासारखे गुरू लाभले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला. दूर गेल्यावर त्यांना आपला देश अधिक स्पष्ट दिसू लागला, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धा टाकून १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. १९२० साली स्वतः साठविलेले पैसे, भथेनांचे कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांवर ते पुन्हा लंडनला गेले. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात, खिशात पैसा जेमतेम, आणि रात्री भूक लागली की खोलीत भाजलेले पापड, असे ते दिवस होते. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी एकदा फिरविण्यासाठी परत केला. तो दुरुस्त करून त्यांनी १९२३ साली डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळविली.

यातून दुसरा धडा मिळतो. परक्या मुलुखात पाय रोवायला तीन गोष्टी लागतात: ठरविलेला अभ्यास, निदान एक जिवाचा मित्र, आणि मनाला घट्ट धरून ठेवणारा हेतू. पैसा कमी असला तरी या तिन्हींच्या आधारावर माणूस तरून जातो. या तिन्ही नसतील तर नुसता पैसा फारसा उपयोगी पडत नाही.

शिकावे, पण शरण जाऊ नये

तिसरा धडा इरावती कर्वे यांच्या चरित्रातून मिळतो. १९२८ च्या सुमारास त्या बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांचे पुरस्कर्ते. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध असावा, या कल्पनेची तपासणी करण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी कवट्या मोजल्या आणि मोजमापांत त्या कल्पनेला आधार मिळत नाही असा निष्कर्ष मांडला. परका देश, परकी भाषा, समोर मोठा प्राध्यापक. तरीही जे मापात आले तेच त्यांनी लिहिले. परदेशी शिक्षणाचे सार्थक यात आहे. तेथील पद्धत शिकून घ्यावी आणि त्याच पद्धतीने तेथल्यांचेही मत तपासून पाहावे. आपल्याकडील सर्व वाईट आणि तिकडचे सर्व चांगले, असे मानणारा विद्यार्थी शिकलेला नसतो. त्याने फक्त मालक बदललेला असतो.

विदर्भाची दोन उदाहरणे

आता आपल्या जवळची दोन माणसे पाहू. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घर सोडून जपानमार्गे अमेरिकेस गेले. मिळेल ते काम करून पोट भरले, शेतकी शिकले, क्रांतिकार्यात पडले. मायदेशाचे दार बंद झाले तेव्हा ते मेक्सिकोत स्थिरावले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या सुधारित वाणांवर काम केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालविल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरास वारले. त्यांची परदेशातील वर्षे मायदेशाच्या वियोगात गेली. पण कोठल्याही मुलुखातला शेतकरी त्यांना परका वाटला नाही.

दुसरे उदाहरण डॉ. पंजाबराव देशमुख यांचे. अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात १८९८ साली जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा १९२० साली विलायतेस गेला. एडिंबरोची एम. ए., ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी मिळवून १९२६ मध्ये परतला. प्रबंधाचा विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास! ज्या वाङ्मयाचे दार येथील रूढीने बहुजनांना बंद ठेवले होते, त्याचा शास्त्रीय अभ्यास एका कुणब्याच्या मुलाने ऑक्सफर्डला बसून केला. परतल्यावर अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले, श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात कृषिमंत्री म्हणून काम पाहिले. विदर्भातील हजारो खेडुतांची मुले त्या संस्थेत शिकली. एका मुलाच्या प्रवासाचे फळ किती जणांना मिळू शकते, याचा हा दाखला आहे.

हाताने करण्याची विद्या

आज जाणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती पुष्कळ बदलली आहे. पूर्वी पत्र पोहोचायला आठवडे लागत. आता आई मुलाचे तोंड रोज पडद्यावर पाहते. केंद्र सरकारची परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे. आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात उगम पावलेली ‘एकलव्य’ ही संस्था पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना या वाटेवर मार्गदर्शन करीत आहे. तरी मूळ प्रश्न तोच राहिला आहे.

एका गोष्टीकडे मी विशेष लक्ष वेधतो. आपल्याकडे मुलगा जेवून उठतो आणि ताट तेथेच राहते. ते उचलते आई किंवा बहीण. परदेशी गेल्यावर त्याला भाजी चिरावी लागते, कपडे धुवावे लागतात, संडास घासावा लागतो. पोटासाठी उपाहारगृहात भांडी विसळण्याचीही पाळी येते. आरंभी लाज वाटते. मग एक दिवस त्याच्या ध्यानात येते की हे काम हलके नाही, आणि ते करणारा माणूसही हलका नाही. विद्यापीठाच्या पदवीपत्रात या विषयाचे गुण लिहिलेले नसतात; परंतु हा धडा पक्का झाला तर परतलेला तरुण आपल्या आईकडे, पत्नीकडे आणि गावच्या सफाई कामगाराकडे निराळ्या दृष्टीने पाहतो. मुलीच्या बाबतीत उलट दिशेने तेच घडते. स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याची, रात्री एकटीने घरी येण्याची, पैशाचा हिशेब ठेवण्याची सवय तिला लागते. आपल्याला ज्याची भीती वाटते तो ‘बदल’ बहुधा हाच असतो. तो बिघाड नसून वाढ आहे.

जाणाऱ्यांना चार साध्या सूचना कराव्याशा वाटतात. जाण्यापूर्वी वरण-भात आणि पोळी करायला शिका. भूक भागली की निम्मा एकटेपणा कमी होतो. आपल्या मराठी मित्रांशी संबंध ठेवा, पण आठवड्यातून एकदा तरी परक्या देशाच्या माणसाबरोबर जेवा. समजले नाही तर वर्गात विचारा; तेथे अज्ञान लपविणे हाच दोष मानतात. आणि झोप उडाली, जेवण सुटले, अभ्यासात लक्ष लागेना, असे आठवडेच्या आठवडे चालले, तर विद्यापीठातील डॉक्टरला किंवा सल्लागाराला भेटा. ताप आल्यावर वैद्याकडे जाण्यात कमीपणा नसतो, तसाच यातही नाही.

परतणे

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९६३ साली गलाहॉर्न या संशोधक दांपत्याने दाखवून दिले की परक्या देशात जसा मनाचा उतार येतो, तसाच तो मायदेशी परतल्यावर पुन्हा येतो. माणूस बदललेला असतो, गाव मात्र त्याला जुन्याच मापाने मोजते.

१९१७ च्या सप्टेंबरात आंबेडकर करारानुसार बडोद्यास नोकरीवर हजर झाले. कोलंबियाची विद्या गाठीशी होती. पण त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला तर लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. न्यू यॉर्कमध्ये ज्याला खोली मिळाली त्याला आपल्या देशात मिळाली नाही. परदेशाशी जुळवून घेण्यात तो विद्यार्थी उणा पडला नव्हता. उणे पडलो ते आपण.

म्हणून ‘पोर आपले राहील काय’ हा प्रश्न पुरेसा नाही. तो बदलून परत आला तर त्याला आपल्यात जागा राहील काय, हेही आपण स्वतःला विचारले पाहिजे. त्याने शेतीविषयी नवे काही सांगितले तर ग्रामसभा ऐकून घेईल काय? परतलेल्या मुलीला तिच्या लग्नाच्या वयावरून बोलण्याऐवजी तिच्या विद्येविषयी कोणी विचारील काय? जाणाऱ्याने आपला हेतू राखावा, सवयी खुशाल बदलाव्यात. राहणाऱ्यांनी आपले दार उघडे ठेवावे. ही दोन्ही कर्तव्ये पार पडली, तर येथून गेलेले विद्यार्थी कापसाच्या गाठींसारखे एकाच दिशेने जाणार नाहीत. ते आपल्या गावी परततील आणि आपल्यासाठी काही घेऊनही येतील.